तपशील लॉग : खाली

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी सगळेच करतात. मी प्रवासाला निघताना कुलपांची करते, घरात कुणाला ताप आला तर तापाची करते, आणि एका दिवाळीआधी कोणत्या नातेवाइकाशी कोणत्या विषयावर बोलायचं नाही याचीही केली होती. घरात हसतात. ऑफिसात मात्र माझ्या याद्यांवर एक अख्खी खोली चालली, आणि माझ्याच यादीतल्या एका शब्दाने त्या खोलीतल्या आम्हा सात जणांना ग्वाल्हेरबाहेर काढायची वेळ आणली. ती वेळ टळली ती दोन माणसांमुळे. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

खोली शिंदे की छावनीत, एका चष्म्याच्या दुकानावर होती. आमची कंपनी लहान. आधी ऑफिसांमध्ये इंटरकॉम बसवायची, मग इंटरनेटवरून फोन चालवायला लागली. दवाखाने, ट्रान्सपोर्टवाले, कोचिंग क्लास यांचे नंबर आमच्या सर्व्हरवरून जायचे. कुणी फोन लावला की सर्व्हर समोरच्याला शोधतो, घंटी वाजवतो, दोघांना जोडून देतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाई हाताने जे करायच्या तेच काम, फक्त एका वेळी शेकडो लोकांसाठी.

माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून एक गृहस्थ होते. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाईसाहब म्हणायचे, ते मला दीदी. घर मुरारला. वडील दाल बाज़ारात एका आडतीवर धान्य तोलायचे. स्वतः बारावी आणि वर रेडिओ दुरुस्तीचा एक कोर्स, एवढंच शिक्षण. पण कुठली केबल कुरकुरते आहे हे त्यांना मीटर लावायच्या आधी कळायचं.

मी यादी हाताने लिहायचे, आणि हाताने लिहिताना मला मराठीच सुचते. भाईसाहबांना मराठी येत नव्हती, लिपी मात्र तीच. ते माझी मराठी यादी हिंदीसारखी वाचायचे. ‘जोडा’ म्हणजे जोड़ो, ‘बंद’ म्हणजे बंद, ‘तपासा’ म्हणजे देख लो. अडलं की विचारायचे. एकदा मी ‘उरलेली केबल गुंडाळा’ असं लिहिलं होतं. कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“दीदी, केबल बची है तो गुंडा क्यों लाएँ?”

तेरा वर्षं असं छान चाललं होतं.

मग आमची कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. आधी दारावरची पाटी बदलली, मग सुट्ट्यांची यादी, मग आमची पदनावं. मी ‘टीम लीड’ झाले, भाईसाहब ‘असोसिएट’. त्यांनी तो शब्द दोनदा वाचून कागद घडी करून खिशात ठेवला. शेवटी मुद्द्याचं पत्र आलं. दोन्ही कंपन्यांचे उत्तरेकडचे फोन एकाच सर्व्हरवर आणायचे. ग्वाल्हेरच्या खोलीने तो भार एक तास पेलून दाखवला तर खोली राहील. नाही तर यंत्रं पुण्याला जातील, आणि ‘ज्यांना शक्य असेल ते’ कर्मचारीही जातील. मुदत शुक्रवारी दुपारी चारपर्यंत.

मला शक्य नव्हतं. नवऱ्याची नोकरी इथल्या कॉलेजात, सासरे अंथरुणाला खिळलेले. तरी मला दुसरीकडे कुठेतरी काम मिळालं असतं. भाईसाहबांची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. त्या वयात, त्या शिक्षणावर, त्यांना ग्वाल्हेरात कुणी घेणार नव्हतं आणि पुण्यात तर मुळीच नाही. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

“वहाँ के लोग पूछेंगे, आपका स्किल सेट क्या है,” ते म्हणाले. “हम क्या कहेंगे? केबल सूँघ लेते हैं?”

भार पेलण्याची चाचणी म्हणजे खोट्या फोनांचा पाऊस. एक यंत्र शेकडो फोन लावतं, दुसरं ते उचलतं. पलीकडून मिनिटभर एक रेकॉर्ड केलेला आवाज येतो, मग फोन कापला जातो आणि पुन्हा लागतो. फोनांची संख्या पायरीपायरीने वाढवायची आणि सर्व्हर कुठे धापा टाकतो ते पाहायचं. रेकॉर्ड केलेला आवाज माझाच होता. ऐन वेळी दुसरं काही सापडेना, म्हणून मी त्या आठवड्याची भाजीची यादी वाचून दिली होती. त्यामुळे ग्वाल्हेरातल्या त्या खोलीत तासन् तास शेकडो माणसं शेकडो माणसांना मेथी, पालक, अर्धा किलो मटार सांगत बसली होती.

सोमवारी पहिली चाचणी. बारा मिनिटं सगळं ठीक. मग फोन लागायला वेळ लागू लागला, मग लागेनासे झाले, आणि लागलेल्यांत माझा आवाज तुटू लागला. मे... थी. पा... मटा... भाईसाहबांनी हेडफोन काढून ठेवला.

“सब्ज़ी वाला ठेला लेकर भाग गया, दीदी.”

मंगळवारी दोनदा तेच. बाराव्या मिनिटाच्या आसपास. विचित्र गोष्ट अशी की सर्व्हरचा प्रोसेसर अर्धा मोकळा होता. मेमरी शिल्लक होती. म्हणजे समोर रांग लागलेली आणि खिडकीवरचा माणूस निवांत. मी यादी काढली आणि एकेक ओळ तपासत गेले. केबल बदलली, स्विच बदलला, एका वेळी किती फोन घ्यायचे याच्या मर्यादा वाढवल्या, आवाजाच्या मार्गावरचे अडथळे पाहिले. डिस्कमध्ये जागा? भरपूर. बरोबरची खूण. तपशील लॉग? ते काम भाईसाहबांकडे होतं, त्यांना विचारलं. खाली. बरोबरची खूण.

ही शेवटची ओळ समजावून सांगायला हवी. आमचा सर्व्हर दोन वह्या ठेवायचा म्हणा ना. एकीत फक्त चुका. ती आम्ही रोज वाचायचो. दुसरीत प्रत्येक फोनचा बारीकसारीक तपशील: कोणी काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं, शब्दन् शब्द. या दुसऱ्या वहीला तपशील लॉग म्हणायचो. ती किती बारकाईने लिहायची याची पातळी ठरवता येते. दोन्ही कंपन्यांच्या यंत्रणा एकमेकींना जोडताना आम्ही ती पातळी सगळ्यात वर नेली होती, कारण दोघी एकमेकींशी नेमकं काय बोलतात ते पाहायचं होतं. जोडणी संपली की पातळी खाली आणायची. म्हणून चाचणीच्या यादीत मी सहावी ओळ लिहिली होती: ‘तपशील लॉग : खाली.’ चाचणीआधी आणि चाचणीनंतर, दोन्ही वेळा पाहायची.

बुधवारी सकाळी पुण्याहून त्यांचा इंजिनिअर आला. चाळिशीचा, बारीक, अंगात जाड स्वेटर आणि त्यावर मफलर. जानेवारी होता आणि आमची थंडी त्याला कुणी सांगितली नव्हती. मला वाटलं होतं माणूस खोलीला कुलूप लावायला आला असेल. त्याने आधी चहा मागितला आणि मग माझी यादी.

“तुमचं मराठी जरा वेगळं आहे,” पाच मिनिटांनी तो म्हणाला.

“आमचं इथं जुनं आहे,” मी म्हटलं. “तुमचंच मधल्या काळात बदललं असेल.”

तो हसला आणि ओळीवर बोट ठेवत पुढे गेला. सहाव्या ओळीवर थांबला. भाईसाहब शेजारी उभे होते. त्यांच्याकडे पाहून त्याने विचारलं, “हे खाली आहे ना?”

“जी सर,” भाईसाहब म्हणाले. “खाली है. टेस्ट के पहले भी, बाद में भी. हमने खुद किया है.”

त्याचं समाधान झालं. मी दोघांच्या मधे उभी होते. माझंही झालं.

बुधवारच्या दोन चाचण्या बाराव्या मिनिटाला कोसळल्या. गुरुवारी सकाळची तिसरी अकराव्या मिनिटाला. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून सगळं पुन्हा तपासलं, माझ्याच क्रमाने; फक्त ज्या ओळींची तोंडी खात्री झाली होती त्या सोडून. चुकांच्या वहीत एकच तक्रार सारखी होती: उत्तर यायला उशीर झाला. का झाला, ते नव्हतं. दुपारी त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, “मॅडम, मला अजून एक दिवस आहे. पण पुण्याहून विचारणा व्हायला लागली आहे.” तो वाईट बातमी सभ्यपणे सांगत होता. भाईसाहबांना मराठी येत नव्हती, तरी एवढं कळलं. ते उठून सगळ्यांचे चहाचे ग्लास धुवायला गेले. एरवी ते काम कधी त्यांचं नसायचं.

मी म्हटलं, आधी जेवून घेऊ.

माझा डबा होता, आणि भाईसाहबांनी घरून गजकचा, म्हणजे तिळाच्या खुसखुशीत वड्यांचा, एक पत्र्याचा डबा आणून ठेवला होता. थंडीभर तो टेबलाच्या कोपऱ्यात असायचा. पाहुण्याला गजक फार आवडली. तो कामाचं बोलता बोलता एकेक तुकडा उचलत होता. शेवटी त्याने हात पुढे केला तेव्हा मी म्हणाले, “थांबा, दुसरी मागवते. डबा खाली झाला.”

त्याने वाकून टेबलाखाली पाहिलं.

“पडला का?”

“नाही हो. खाली झाला. संपली.”

“अच्छा, रिकामा झाला.” तो सरळ झाला आणि हसू लागला. “मी खाली शोधतोय.”

मीही हसले. आमच्याकडे डबा खालीच होतो. बस खाली येते, घर खाली पडून असतं. ‘रिकामा’ हा शब्द आमच्या घरात फक्त रिकामटेकड्या माणसासाठी वापरतात. पुण्याची एक भावजय नवी आली तेव्हाही हाच घोटाळा झाला होता, ते मी सांगायला लागले आणि मधेच माझं तोंड थांबलं. हातातला घास तसाच ठेवून मी यादी ओढली. सहावी ओळ.

मी लिहिताना ‘खाली’ मराठीतून लिहिलं होतं. पातळी खाली. वाचणारा हिंदीतून वाचत होता.

भाईसाहब ग्लास पुसत आत आले. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, “भाईसाहब, ये छह नंबर में आप क्या करते हैं?”

“खाली करते हैं, और क्या.” त्यांना प्रश्नच कळला नाही. “फ़ाइल खाली कर देते हैं. एकदम साफ़. फिर टिक.”

पुण्याच्या इंजिनिअरने हातातलं पाणी खाली ठेवलं.

सगळं तिथेच होतं. पातळी अजून सगळ्यात वर. शेकडो खोटे फोन, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा शब्दन् शब्द सर्व्हर डिस्कवर लिहीत बसलेला. एक ओळ लिहून झाल्याशिवाय तो पुढचं पाऊल टाकायचा नाही. म्हणून प्रोसेसर मोकळा आणि रांग मात्र लांब. आम्ही डिस्क किती भरली आहे ते रोज पाहत होतो. ती किती राबते आहे ते कुणी पाहिलं नाही. आणि भरलेली कधी दिसणारच नव्हती, कारण चाचणी संपली रे संपली की भाईसाहब इमानाने ती वही कोरी करत होते.

“मग आता सिद्ध कसं करायचं?” तो माझ्याकडे वळला. “पुरावा तर रोज पुसला गेला.”

मी भाईसाहबांना हिंदीत सांगितलं. काय झालं होतं, आणि तो काय विचारतोय. ते उभेच होते. मग त्यांनी स्वतःचा खण उघडला आणि माझ्याच याद्यांच्या झेरॉक्स काढल्या, सोमवारपासूनच्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने चाचणीची वेळ आणि त्यापुढे एक आकडा.

“ये क्या है?” मी विचारलं.

“तौल,” ते म्हणाले. “फ़ाइल कितनी भारी थी. पिताजी के यहाँ बोरा खाली करने से पहले तौल लिखते थे. आदत है. लिखकर ही खाली किया हमने, सर. एक भी बार बिना लिखे नहीं.”

इंजिनिअरने आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. “हे एका तासाचं?”

“बारह मिनट का, सर.”

तो लॅपटॉप उघडून पेन्सिलीचे आकडे एका खाली एक उतरवू लागला. फोन जितके जास्त, वही तितकी जड, आणि कोसळण्याची वेळ तितकी अलीकडे. एका कागदावर पूर्ण गोष्ट होती. पातळी खाली आणायला एक ओळ बदलावी लागली. ती मी बदलली.

त्यानंतरचा अर्धा तास मला चाचणीपेक्षा जास्त आठवतो. अहवालाचा फॉर्म होता. एक रकाना ‘कारण’, पुढचा ‘जबाबदार व्यक्ती’. विलीनीकरणाच्या त्या दिवसांत असा रकाना कुणाच्या नावाने भरला गेला की पुढे काय होतं, हे आम्ही इतर ऑफिसांतून ऐकलं होतं.

“हमारा लिख दीजिए,” भाईसाहब म्हणाले. “तीन साल बचे हैं. क्या बिगड़ेगा.”

बिघडणार काय होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. ‘यादीत तसंच लिहिलं होतं’ एवढं एक वाक्य म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी ते म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे चेष्टेतही कधी नाही.

“यादी माझी,” मी म्हटलं. “अक्षर माझं. मराठीत लिहून हिंदीत वाचायला दिली मी. माझं नाव घाला.”

पुण्याचा माणूस मफलर सोडून पुन्हा गुंडाळत होता. “बुधवारी यांना ‘खाली आहे ना’ असं मीच विचारलं,” तो म्हणाला. “आणि ते हो म्हणाले. दोघंही खरं बोललो.” मग त्याने लिहिलं. ‘कारण’च्या खाली: सूचनेतला एक शब्द दोन भाषांत वाचला गेला. ‘जबाबदार व्यक्ती’च्या खाली: तिघे.

मी त्याला जेमतेम दोन दिवस ओळखत होते. आमची खोली बंद झाली असती तर त्याच्या ऑफिसची सोय झाली असती. त्याने तो एक शब्द लिहिला, फॉर्म पाठवला आणि विचारलं, “गजक कुठे मिळते?”

शुक्रवारी दोन वाजता शेवटची चाचणी लावली. कुणी बसलं नाही. भाईसाहब हेडफोन लावून यंत्राच्या दिशेला पाठ करून उभे होते. त्यांना आकडे बघायचे नव्हते. दहावं मिनिट गेलं. अकरावं. बाराव्याला मी पडद्याऐवजी त्यांच्या पाठीकडेच पाहत होते.

“दीदी,” ते न वळता म्हणाले, “मेथी साफ़ आ रही है.”

मग पालक, मग मटार. तासाच्या शेवटाकडे थोडे फोन सुटले, पण मर्यादेच्या आत. तीन वाजून काही मिनिटांनी पुण्याला फोन गेला. इंजिनिअर खिडकीशी उभा राहून बोलला, ‘हो’, ‘हो’, ‘इथूनच’, आणि फोन ठेवला. ‘इथूनच’ एवढंच आम्हाला ऐकायचं होतं. भाईसाहबांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि जागेवर ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या जुन्या याद्या घेऊन त्यांच्याशेजारी बसले. प्रत्येक ओळ त्यांनी कशी वाचली होती ते विचारत गेले. तेव्हा मला कळलं की माझ्या याद्यांवर खोली चालली हे अर्धंच खरं होतं. जिथे शब्द जुळत नव्हता तिथे ते तेरा वर्षं अंदाजाने, यंत्राकडे बघून, कधी दुसऱ्या कुणाला विचारून अर्थ लावत आले होते. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, ‘बॅटरीच्या नव्या तारा टाका.’ त्यांनी ते टाँका, म्हणजे हिंदीतला डाख, असं वाचलं होतं, आणि प्रत्येक जोड सोल्डरिंग करून पक्का केला होता. आमच्या खोलीतली बॅटरीची तार कधी सुटली नाही. ते माझ्या टापटिपीमुळे असं मी वर्षानुवर्षं समजत होते.

आता मी यादीत ‘कमी करा’ किंवा ‘रिकामं करा’ असं लिहिते. ‘खाली’ लिहीत नाही. घरात मात्र डबा अजून खालीच होतो. ते बदलायचा माझा विचार नाही.

पुण्याच्या त्या इंजिनिअरला आम्ही दर थंडीत गजक पाठवायचो. भाईसाहब तीन वर्षांनी त्याच खोलीतून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांच्याकडून काय काय परत घ्यायचं याची यादी अर्थातच मी केली: किल्ल्या, ओळखपत्र, मीटर, हत्यारांची पेटी. शेवटची ओळ होती ‘खण’. संध्याकाळी त्यांनी कागद सही करून माझ्या टेबलावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे ‘चलते हैं दीदी’ म्हणून जिना उतरले. मी कागद नंतर वाचला. खणापुढे, पेन्सिलीने, आधी आत काय होतं ते लिहिलेलं: दो पेचकस, एक टूटा चश्मा, गजक का डिब्बा.

त्याखाली लिहिलं होतं: खाली, हिंदी वाला.